पिल्लाच्या पायावरचं जास्तीचं नख: काढायचं का, कधी, आणि नंतरचे दहा दिवस

मादी व्याली की दुसऱ्याच दिवशी सोसायटीतला कुणीतरी जाणता माणूस येतो, पिल्लू उलटं करून पाय बघतो आणि सांगतो, "हे वरचं नख तिसऱ्या दिवशी उडवून टाका, नंतर त्रास होतो." सल्ला अर्धा बरोबर असतो. कोणतं नख, कुणी आणि कशानं, हे त्यात नसतं, आणि घोटाळे तिथेच होतात. पहिल्यांदाच पिल्लं सांभाळणाऱ्या घरांसाठी हे लिहिलं आहे. कापण्याचं काम डॉक्टरांचं आहे. ते मिनिटाभरात उरकतं. त्याच्या आधीचं आणि नंतरचं सगळं मात्र तुमच्याकडे आहे.

आधी नखं मोजा

साधारण कुत्र्याला अठरा नखं असतात. चार पंजांची चार-चार मिळून सोळा, आणि पुढच्या दोन पायांना आतल्या बाजूने, मनगटाच्या किंचित खाली, एकेक. हे वरचं नख म्हणजे ड्यू क्लॉ, आपल्या अंगठ्याच्या जागचं बोट. काही पिल्लांना तसंच नख मागच्या पायांनाही येतं आणि बेरीज वीस होते. मग कुणी सांगतं की वीस नखांचं कुत्रं अस्सल, शिकारीला पक्कं. नखांच्या संख्येवरून जात ठरत नाही. गल्लीतल्या देशी मादीच्या एकाच वेतात दोन पिल्लं वीस नखांची आणि बाकीची अठरांची निघू शकतात, आणि एखाद्याला एकाच मागच्या पायाला असतं, म्हणजे एकोणीस.

जन्मानंतर चोवीस तासांनी, आई पिल्लांना चाटूनपुसून शांत झाली की, एकेक पिल्लू उचला. हात साबणाने धुतलेले आणि गरम असावेत. गार हात लागला की पिल्लू ओरडतं आणि आई बिथरते. मागचा पाय दोन बोटांत धरून आतल्या बाजूवरून अंगठा फिरवा. नख असेल तर तांदळाच्या दाण्याएवढी गाठ लागेल. ती हलकेच पुढेमागे हलवून बघा. नुसत्या कातडीवर लोंबतेय, सहज डुलतेय, तर आत हाड नाही. पायाला घट्ट बसलेली, हलवली की खाली सांधा जाणवतो, तर हाड आहे. वहीत पिल्लागणिक लिहा: कोणता पाय, सैल की घट्ट. डॉक्टरांना फोनवर हेच सांगायचं असतं.

पिल्लं एकसारखी दिसत असतील तर खूण करा. नेलपॉलिश नको, आई चाटून काढते. प्रत्येकाच्या पाठीवर वेगळ्या जागी केसांची एक छोटी बट कातरली की पुरतं. गळ्यात दोरा बांधणार असाल तर पिल्लं रोज वाढतात हे लक्षात ठेवा. सकाळी सैल असलेला दोरा दोन दिवसांनी काचतो.

काढायचं की ठेवायचं

मागच्या पायाचं, कातडीवर लोंबणारं नख काढायला कारण आहे. ते जमिनीला लागत नाही, म्हणून झिजत नाही. पळताना गवतात, गाडीच्या सीटच्या कापडात, खिडकीच्या जाळीत अडकतं आणि फाटतं. मोठ्या कुत्र्याचं असं फाटलेलं नख पुष्कळ रक्त काढतं, आणि तेव्हा पूर्ण भूल द्यावी लागते.

पुढच्या पायाचं नख ही वेगळी गोष्ट. त्याला हाड आहे, सांधा आहे, स्नायूंच्या दोऱ्या येऊन जोडलेल्या आहेत. कुत्रं वेगात वळतं तेव्हा मनगट खाली दबतं आणि हे बोट जमिनीला टेकून पायाला आधार देतं. हाड चघळताना ते दोन पुढच्या पंजांत धरतं, तेव्हाही हेच बोट कामाला येतं. ‘शोला नेणार आहोत’ किंवा ‘पाय स्वच्छ दिसतो’ एवढ्यासाठी निरोगी पुढचं बोट कापू नका, असं आमचं स्पष्ट मत आहे. बरेच डॉक्टरही आता पुढचं नख काढायला नाही म्हणतात. त्यांच्याशी वाद घालत बसू नका.

मागच्या पायाचं नख हाडासकट घट्ट बसलेलं असेल तर घाई नाही. ते पुढे नसबंदीच्या वेळी, एकाच भुलीत काढता येतं, किंवा नियमित कापत राहून ठेवताही येतं. ग्रेट पिरेनीज, ब्रिआर्ड, बोसरॉन या जातींना मागच्या पायाला दोन-दोन ड्यू क्लॉ असणं हेच जातीचं लक्षण धरलं जातं. ही कुत्री आपल्याकडे क्वचितच दिसतात, पण कुणाकडे असलीच तर काढू नका.

थोडक्यात हिशेब असा: लॅब्राडॉर, पामेरियन, देशी, कोणतंही असो, पुढचं ठेवा, मागचं सैल असेल तर काढा, मागचं घट्ट असेल तर डॉक्टरांना दाखवून थांबा.

तिसरा ते पाचवा दिवस

जन्माचा दिवस शून्य धरा. तिसरा, चौथा आणि पाचवा हे योग्य दिवस. त्याआधी नको, कारण पहिल्या चोवीस तासांत आईचा चीक पोटात जायला हवा, आणि कोणतं पिल्लू मुळातच अशक्त आहे हे दोन-तीन दिवसांच्या वजनावरून कळतं. आठवडा उलटला की बोट जाड होतं, रक्तवाहिन्या मोठ्या होतात, रक्तस्राव आणि वेदना दोन्ही वाढतात. पाचवा दिवस हुकला तर धावपळ करून सातव्या-आठव्या दिवशी करून घेऊ नका. चार-सहा महिन्यांनी भुलीखाली करा. हुकला म्हणजे काही बिघडलं असं नाही.

‘एवढ्या लहान पिल्लाला दुखत नाही’ ही जुनी समजूत चुकीची आहे. दुखतं. फक्त त्याला ते मोठ्या कुत्र्यासारखं दाखवता येत नाही.

ज्या पिल्लाचं वजन वाढत नाही त्याचं काम त्या दिवशी करायचं नाही. स्वयंपाकघरातला एक ग्रॅमपर्यंत मोजणारा डिजिटल काटा घ्या, त्यावर डबा ठेवून शून्य करा, आणि सकाळ-संध्याकाळ ठरलेल्या वेळी वजन लिहा. निरोगी पिल्लू रोज जन्माच्या वजनाच्या ५ ते १० टक्के वाढतं आणि आठ-दहा दिवसांत दुप्पट होतं. ४०० ग्रॅमचं लॅब्राडॉरचं पिल्लू म्हणजे दिवसाला २० ते ४० ग्रॅम. आई तापलेली असेल, दूध येत नसेल, तरी थांबा. आईच्या घराण्यात रक्त न थांबण्याचा आजार माहीत असेल, डॉबरमनमध्ये तो बऱ्यापैकी आढळतो, तर ते फोनवरच सांगा.

डॉक्टर ठरवताना

१९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्यानुसार प्राण्यांवर उपचार करण्याचा अधिकार नोंदणीकृत पशुवैद्यालाच आहे. पिल्लं विकणारा, केस कापायला येणारा ग्रूमर, ‘कंपाउंडर आहे, सगळं करतो’ म्हणणारा, यांपैकी कुणालाही ब्लेड हातात घेऊ देऊ नका. प्राण्याचा अवयव छाटणं हे १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ खाली येऊ शकतं. त्याच भेटीत कुणी शेपूट छाटून देतो, कान कातरून देतो म्हणाला, तर तो डॉक्टर बदला.

वाशी, नेरुळ, खारघर, नौपाडा, घोडबंदर रोड, कुठेही क्लिनिक आता चालत जाण्याच्या अंतरावर आहे. तरीही मादी व्यायच्या आधीच फोन करून ठेवा, कारण व्याल्यावर दिवस मोजून तीनच मिळतात, त्यातला एखादा रविवार निघतो. रात्री-अपरात्री गरज पडली तर परळच्या बैलघोडा हॉस्पिटलपर्यंत जायचं की जवळचं रात्रीचं क्लिनिक गाठायचं, हेही तेव्हाच ठरवा.

फोनवर विचारा: जागेची भूल, म्हणजे तेवढाच भाग बधिर करणारी, देता का? नवजात पिल्लाला भुलीच्या औषधाची थोडीशी जास्त मात्राही विषासारखी लागते, म्हणून ‘पातळ करून, वजनाप्रमाणे देतो’ हे उत्तर ऐकू आलं पाहिजे. रक्त थांबवायला काय वापरता? टाका घालता की टिश्यू ग्लू (कातडी चिकटवणारा गोंद) लावता? प्रत्येक पिल्लाला निर्जंतुक केलेली वेगळी अवजारं असतात का? आणि घरी येता का?

हा शेवटचा प्रश्न महत्त्वाचा आहे. क्लिनिकच्या फरशीवर, बाकड्यावर पार्व्होचे, म्हणजे पिल्लांच्या जीवघेण्या उलट्या-जुलाबांच्या आजाराचे, विषाणू असू शकतात, आणि ते सहजासहजी मरत नाहीत. घरी येणं जमत नसेल तर सकाळची पहिली वेळ मागा, आणि पिल्लं खोक्यातून थेट टेबलावरच्या स्वच्छ टॉवेलवर जाऊ द्या.

नेताना पुठ्ठ्याचा खोका घ्या. मासळीवाल्याकडचा थर्माकोलचा डबा उबदार असतो खरा, पण कितीही धुतला तरी वास राहतो, आणि परत आल्यावर आई पिल्लांना चाटायऐवजी हुंगत बसते. खोक्यात तळाला जाड सुती चादर, एका बाजूला कोमट पाण्याची, साधारण ४० अंशांची, लिटरची बाटली टॉवेलात गुंडाळून. एकाच बाजूला, म्हणजे पिल्लांना गरम झालं तर सरकता येईल. पहिल्या आठवड्यात पिल्लाला कापरं भरून स्वतःला गरम ठेवता येत नाही. म्हणून कॅबचा एसी बसल्या बसल्या बंद करायला सांगा, रिक्षात खोक्यावर चादर घाला. संध्याकाळच्या घोडबंदर रोडवर किंवा ठाणे-बेलापूर रस्त्यावर दीड तास अडकायचं नसेल तर सकाळीच निघा. निघण्याआधी सगळी पिल्लं पोटभर प्यायलेली हवीत. रिकाम्या पोटी साखर झपाट्याने उतरते.

टेबलावर काय होतं

हे सांगायचं ते तुम्ही करायचं म्हणून नाही. डॉक्टर काय करतायत हे कळलं की तुमचा हात थरथरत नाही, आणि एखादी पायरी गाळली जातेय तर विचारता येतं.

आईला दुसऱ्या खोलीत, दार लावून, कुणीतरी सोबत. पिल्लाचा आवाज आला की ती दार ओरबाडते, म्हणून टीव्ही थोडा मोठा ठेवा. एका वेळी एकच पिल्लू बाहेर, बाकीची उबेत. पिल्लू तुमच्या तळहातात, पाठ तळव्याला, मागचा पाय डॉक्टरांच्या बाजूला. दाबू नका, छाती मोकळी हवी.

डॉक्टर त्या जागेचे केस काढतात, पातळ केलेल्या पोव्हिडोन आयोडीनने किंवा क्लोरहेक्झिडीनने पुसतात. अंग भिजवत नाहीत, ओलं पिल्लू गार पडतं. भुलीची बारीक सुई देऊन परिणाम व्हायला थोडा वेळ थांबतात. ‘थांबायची गरज नाही, लगेच होतं’ असं कुणी म्हणालं तर विचारा. मग बोटाच्या मुळाशी लहान वाकडी आर्टरी (डॉक्टरांचा पकडीचा चिमटा) लावून रक्तवाहिनी दाबली जाते आणि तिच्या खालून, बोटाच्या संपूर्ण मुळासकट, कातडी कात्रीने कापली जाते.

मुळासकट हा शब्द मोलाचा आहे. नखाच्या मुळाचा बारीक तुकडा आत राहिला तर काही आठवड्यांनी तिथे वाकडंतिकडं, कधी आत वळणारं नख पुन्हा येतं. घरी कात्रीने केलेल्या कामात हा दोष हमखास दिसतो. कातडीचा फक्त शेंडा जातो, मूळ तिथेच राहतं.

आर्टरी सुटल्यावर गॉजने एक-दोन मिनिटं दाब. मग टिश्यू ग्लूचा थेंब किंवा एक विरघळणारा टाका. पट्टी बहुधा बांधत नाहीत: ती आई ओढून काढते, गिळते, किंवा घट्ट बसून पंजा सुजवते.

रक्ताकडे बघण्याचं एक माप सांगतो. ४०० ग्रॅमच्या पिल्लाच्या अंगात सगळं मिळून जेमतेम ३० ते ३५ मिलीलिटर रक्त असतं, म्हणजे सहा-सात छोटे चमचे. गॉजवर दोन-चार थेंब दिसणं ठीक. टॉवेलवर डाग पसरत चाललाय तर ते ‘थोडंसंच’ नाही.

घरच्या युक्त्या, ज्या करू नयेत

दोरा किंवा रबर बांधून बोट ‘आपोआप गळू देणं’ ही सगळ्यात वाईट. बोट दिवसेंदिवस कुजतं, पिल्लू ते सगळं सोसत राहतं, आणि कुजलेल्या भागात धनुर्वाताचे जंतू वाढतात. नेलकटरने उडवून वर हळद-चुना भरणं दुसरी. चुना भाजतो, हळदीखाली काय चाललंय ते दिसत नाही. डेटॉल लावू नका, आई चाटणार आहे. आणि माणसांची कोणतीही वेदनाशामक गोळी, पॅरासिटामॉल असो की ब्रुफेन, पिल्लाला किंवा दूध पाजणाऱ्या आईला देऊ नका. पिल्लाचं यकृत अजून तयार झालेलं नसतं.

पुढचे दहा दिवस

पिल्लू परत येताच आईच्या सडाला लावा. प्यायला लागलं की अर्धी काळजी मिटली. वीस मिनिटं उलटूनही एकसारखं रडत असेल, तोंड आतून गार लागत असेल, अंग ढिलं पडलं असेल, तर त्याला छातीशी कपड्याआत धरून ऊब द्या आणि फोन करा. गार पिल्लाच्या तोंडात दूध घालू नका, ते पचत नाही आणि श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. आधी गरम करा, मग पाजा.

पहिले दोन तास दर अर्ध्या तासाने जखम बघा, मग झोपायच्या आधी, मग रोज दोनदा वजनाच्या वेळी. रक्त आलं तर स्वच्छ गॉजने सलग पाच मिनिटं दाबा, मध्येच उचलून बघू नका, उचललं की खपली निघते आणि पुन्हा सुरुवात. दहा मिनिटांतही थांबलं नाही तर गाडी काढा. खपली तीन-चार दिवसांत घट्ट वाळते आणि आठवडा-दहा दिवसांत गळते. न विरघळणारा टाका असेल तर सात ते दहा दिवसांत काढायला जायचं.

सूज घोट्याच्या वर चढणं, पिवळा स्राव, घाण वास, आई एकाच पिल्लाची तीच जागा सारखी चाटत बसणं, आणि वजन एका दिवसात वाढण्याऐवजी घटणं, यांतलं काहीही दिसलं तर दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका.

आई आणि पिल्लं ठेवलेल्या पेटीतली ऊब पहिल्या आठवड्यात २९ ते ३२ अंश हवी, दुसऱ्यात २६ ते २९. मे महिन्यात ठाण्याच्या वरच्या मजल्यावर ही ऊब आपोआप मिळते. तेव्हा काळजी उलटी, पिल्लं पसरून धापा टाकत असतील तर उबेसाठी लावलेला बल्ब बंद करा. एसी लावायचा तर थेट झोत पेटीवर येऊ देऊ नका. वीज गेली तर बाटलीत गरम पाणी भरून, टॉवेलात गुंडाळून पेटीत एका बाजूला ठेवा.

पावसाळ्यात खरी लढाई ओलाव्याशी. जुलैत चादरी दोन-दोन दिवस वाळत नाहीत, आणि दमट चादरीवरची जखम चिघळते. सुती कपडे दोन जोडांऐवजी सहा ठेवा, दर वेळी इस्त्री फिरवा, मगच पेटीत घाला. वर्तमानपत्रावर पाय सरकतात, टर्किश टॉवेलच्या फाशांत नखं अडकतात, सुटलेला धागा बोटाला गुंडाळून रक्त अडवतो. म्हणून साधी, शिवलेली, मऊ सुती चादर. माश्या ओल्या जखमेवर बसून अंडी घालतात आणि किडे पडतात, म्हणून पेटीवर मच्छरदाणी. तळमजल्यावर राहत असाल तर लाल मुंग्यांकडे लक्ष ठेवा, नवजात पिल्लांना त्या वाईट चावतात. पेटीचे चार पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा. मुंग्यांचा खडू पेटीजवळ ओढू नका, फिनेलने फरशी पुसू नका. गरम पाणी आणि साबण पुरे.

दहाव्या ते चौदाव्या दिवसात डोळे उघडतात. तोवर जागा बहुतेक बरी होऊन केस उगवायला लागलेले असतात.

जे नख ठेवलंय, त्याचं काय

पहिल्या आठवड्यातच बाळाच्या नेलकटरने सगळ्या नखांची फक्त टोकं कापायला सुरुवात करा, पुढच्या ड्यू क्लॉसकट. दूध पिताना पिल्लं पंजे मारतात आणि आईच्या सडांवर ओरखडे उठतात. मग ती पाजायला बसत नाही. टोक म्हणजे पांढरा, अर्धपारदर्शक भाग. गुलाबी भाग सुरू होतो तिथे रक्तवाहिनी असते. काळ्या नखात ती दिसत नाही, म्हणून कणाकणाने कापा, कापलेल्या टोकाच्या मध्यभागी गडद ठिपका दिसायला लागला की थांबा. चुकून रक्त आलंच तर नखाच्या टोकाला तुरटीची पूड किंवा कॉर्नफ्लोर दाबा. हे नखापुरतं, कापलेल्या ड्यू क्लॉच्या जखमेवर तुरटी नको.

मोठ्या कुत्र्याची खालची नखं सिमेंटच्या रस्त्यावर फिरून झिजतात, ड्यू क्लॉ झिजत नाही. दर दोन-तीन आठवड्यांनी ते वेगळं बघावं लागतं. पामेरियन, शिह त्झू, ल्हासा अशा केसाळ कुत्र्यांत ते केसांत दडतं आणि विसरलं जातं. केस बाजूला करून बघा. गोल वळलेलं नख कातडीला टेकलं असेल तर आजच कापा. आत रुतलं असेल तर स्वतः ओढू नका, डॉक्टरांकडे न्या.